तक्रार बंद कोणी करायची?

महापालिकेकडे आलेली तक्रार निकाली निघाली, असं ठरवण्याचा अधिकार कोणाचा? माझ्या नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात हा प्रश्न माझ्यासमोर आला आणि अजून त्याने माझी पाठ सोडलेली नाही. राज्यातल्या एका महापालिकेत मी उपायुक्त होते. तक्रार निवारण कक्ष आणि दक्षता, दोन्ही माझ्याकडे होतं. निवृत्त होऊन नागपूरला, जरीपटक्यातल्या घरी परत आले. आता शेजारपाजारचे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात आणि तोच प्रश्न मला अर्जदाराच्या बाजूने दिसतो.

पदभार घेतल्यावर पहिल्याच आढावा बैठकीत प्रोजेक्टरवर तक्ता आला. प्राप्त, निकाली, प्रलंबित. निकालीची टक्केवारी शंभराला टेकत आलेली. सगळे समाधानी होते. पण त्याच सकाळी माझ्या दालनाबाहेरच्या बाकावर माणसं बसली होती आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आलेला होता. तक्ता आणि बाक, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नव्हते. मी कक्षातल्या मुलींना सांगितलं, निकाली निघालेल्यांतल्या कुठल्याही तक्रारी उचला, लोकांना फोन लावा आणि एवढंच विचारा, काम झालं का?

बरेच जण ‘झालं’ म्हणाले, हे आधी सांगायला हवं. पण ‘नाही’ म्हणणारेही इतके निघाले की तक्त्यावर विश्वास ठेवणं मला अशक्य झालं. एका बाईंच्या नळाला घाण वास येत होता. त्यांच्याकडे कोणी फिरकलंच नव्हतं. दुसऱ्या एका घराची तक्रार तुंबलेल्या चेंबरची होती. तिला जोडलेला फोटो मी उघडला. स्वच्छ, कोरडा चेंबर, झाकण नीट बसवलेलं, कडेला फुललेली जास्वंद. तीच जास्वंद शेजारच्या प्रभागातल्या आणखी एका तक्रारीच्या फोटोत होती. एकाच चेंबरने दोन गल्ल्यांच्या तक्रारी बंद केल्या होत्या.

हे कोणा एका कर्मचाऱ्याच्या वाईटपणामुळे घडत होतं, असं मी तेव्हाही मानलं नाही. रचनाच तशी होती. तक्रार आली की ती त्या भागातल्या कनिष्ठ अभियंत्याच्या किंवा स्वच्छता निरीक्षकाच्या लॉगिनवर जाते. मुदतीत बंद झाली नाही तर ती आपोआप वर चढते आणि त्याला कारणे दाखवा नोटीस निघते. म्हणजे काम झालं नाही अशी तक्रार ज्याच्याबद्दल, ती बंद करण्याचं बटणही त्याच्याच हाती, आणि ते दाबलं नाही तर शिक्षाही त्यालाच. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण नालीच्या आणि पथदिव्याच्या तक्रारीतही ते लागू आहे, हे कार्यालयात कोणाच्या मनात येत नाही. सामान्य माणसाचा सरकारी न्यायाशी संबंध बहुतेक वेळा इथेच येतो, नालीशी आणि पथदिव्याशी. कोर्टाची पायरी तो क्वचित चढतो.

बंद झालेल्या तक्रारींवरचे शेरे मी वाचून काढले. ‘संबंधितांना सूचना दिल्या.’ ‘अंदाजपत्रक तयार करण्यात येत आहे.’ ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल.’ ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही.’ यातलं एकही वाक्य खोटं नसेल, पण एकानेही कोणाच्या दारातलं पाणी हटत नाही. आयुक्तांशी बोलून परिपत्रक काढलं. यापैकी कुठल्याही शेऱ्यावर तक्रार बंद होणार नाही, ती ‘प्रलंबित’ म्हणूनच दिसेल. काम झाल्यावर तक्रारदाराला फोन जाईल, तो ‘झालं’ म्हणेल तेव्हाच ती बंद होईल, आणि बंद करील ते कक्ष, अभियंता नव्हे.

पुढच्या महिन्यात निकालीची टक्केवारी कोसळली. वर्तमानपत्रांत ‘तक्रारींचा डोंगर’ अशा मथळ्याच्या बातम्या आल्या. वरून विचारणा झाली. आयुक्त माझ्या पाठीशी उभे राहिले नसते तर ते परिपत्रक तिथेच मेलं असतं, आणि असं पाठबळ प्रत्येकाला मिळत नाही हे मला ठाऊक आहे. चांगला आकडा दाखवणाऱ्याला शाबासकी आणि खरा आकडा दाखवणाऱ्याकडे खुलासा मागायचा, ही पद्धत आहे तोवर खालचा माणूस चांगलाच आकडा देणार.

अभियंते भेटायला आले. रागावलेले होते आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. एक म्हणाला, “मॅडम, माझ्याकडे चार प्रभाग, दोन मजूर. जेटिंग मशीन तीन झोनमध्ये मिळून एक. लोक ‘झालं’ म्हणायला तयारच नसतात. नाली साफ केली की म्हणतात आता रस्ता करा, मग बंद करतो.” हेही खरं होतं. निःपक्षपातीपणा म्हणजे नेहमी अर्जदाराची बाजू घेणं नव्हे. जो प्रश्न नोंदवला तेवढाच तपासायचा, नवा प्रश्न नव्या क्रमांकाने घ्यायचा आणि मतभेद झाला तर तिसऱ्याच झोनच्या माणसाने मोका पाहणी करायची, असं ठरलं. अखत्यारीबाहेरची तक्रार परत पाठवायची नाही, कक्षानेच ती महावितरणकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाठवून पोच घ्यायची, हेही त्याच बैठकीत मान्य झालं. नागपूरकरांना या त्रासाची वेगळी ओळख करून द्यायला नको. 1936 च्या कायद्याने आलेली नागपूर सुधार प्रन्यास आणि महापालिका अशी दोन दारं असलेल्या शहरात ‘572’ आणि ‘1900’ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या ले-आउटमधल्या लोकांनी ‘हे आमच्याकडे नाही, तिकडे जा’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकलं आहे.

पण जेटिंग मशीन एकच आहे, या वाक्याचा खरा अर्थ मला पावसाळ्याच्या तोंडावर कळला.

एका जुन्या वस्तीत पाहणीला गेले होते. गडर लाइन चोक झालेली, पाणी उंबऱ्याला लागलेलं. तक्रारीची मुदत 24 तास, त्यातले थोडेच उरलेले. मशीन दुसऱ्या झोनला गेलेलं. चेंबरचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं, शेजारी बांबूच्या खपच्या, लोखंडी गज, आणि ठेकेदाराचा एक पंचविशीतला मुलगा बनियनवर उभा राहून कमरेला दोर बांधत होता. मास्क नाही, गमबूट नाही. चेंबर किती खोल ते जमादाराने मी विचारल्यावर सांगितलं, आणि खाली मान घालून पुढचं वाक्य जोडलं, “संध्याकाळी तक्रार वर चढते मॅडम.”

मी त्या मुलाला दोर सोडायला लावला. तो माझ्यावरच नाराज झाला. आत उतरण्याचे जास्तीचे पैसे त्याला कबूल झाले होते आणि मी ते बुडवत होते. त्याची त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची, असं जमादाराकडून तिथेच लिहून घेतलं. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मेलेल्यांच्या वारसांना 10 लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. हे सगळं परिपत्रकांत होतं, भिंतीवर लावलेलं होतं. तरीही आमच्याच संगणकातल्या एका मुदतीने तो मुलगा त्या भोकाच्या काठावर आणून उभा केला होता. वरून दिलेला दबाव कुठे थांबत नाही. आयुक्तांकडून उपायुक्तांकडे, तिथून झोनकडे, अभियंत्याकडे, जमादाराकडे आणि शेवटी ज्याला तो पुढे ढकलायला कोणीच नाही त्याच्या अंगावर.

ज्या घराची तक्रार होती तिथल्या बाईंना मी सांगितलं, मशीन उद्या दुपारी येईल, तोवर आम्ही पाणी उपसून देतो. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चेंबरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आमच्यासाठी कोणाचं पोर मरावं असं आम्ही कधी म्हटलं होतं? मशीन नाही हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.”

त्या वाक्याने आमची पद्धत बदलली. उशीर होणार असेल तर कारण सांगणारा फोन आधी जायचा. यंत्र उपलब्ध नसेल तर अभियंत्याची मुदत थांबायची आणि ‘यंत्र नाही’ ही मुख्यालयाविरुद्धची, म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार म्हणून नोंदली जायची. वर्षअखेरीस अंदाजपत्रकाच्या चर्चेत मी त्या नोंदींचा गठ्ठा लेखा विभागापुढे ठेवला. नवी मशीन मंजूर झाली ती त्या गठ्ठ्यामुळे. इतकी वर्षं तक्रारी बंद होत राहिल्या होत्या, म्हणून यंत्रांची गरज कागदावर कधी दिसलीच नव्हती. खोटी निकाली नोंद एका घराचं नुकसान करते एवढंच खरं नाही, ती पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रकही चुकवते.

मग एक दिवस मी शहराच्या नकाशावर तक्रारी मांडून बघितल्या. बंगल्यांच्या एका वसाहतीतून एका बंद दिव्यासाठी चार घरांनी तक्रार केलेली. नाल्याच्या काठावरच्या एका मोठ्या वस्तीतून काहीच नाही. अधिकारी म्हणाले, तिथे प्रश्न नाही. मी गेले. तिथे प्रश्नांशिवाय दुसरं काही नव्हतं. सार्वजनिक नळाभोवती चिखल, शौचालयाला दार नाही, दिवा नाही. तक्रार का करत नाही, असं विचारलं तर आधी सगळे गप्प. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “घराचा नंबर मागतात साहेब, आणि आमच्या घराला नंबर नाही. पाण्याची तक्रार करायची आणि उद्या अतिक्रमणाची नोटीस यायची.”

ही भीती निराधार नव्हती. कुठल्याही महापालिकेत एकाच अर्जाचे दोन विभाग दोन अर्थ लावू शकतात. आम्ही लेखी आदेश काढला की मूलभूत सुविधेच्या तक्रारीवरून मिळालेला पत्ता महापालिका कायद्याच्या कलम 260 खालच्या अनधिकृत बांधकामाच्या नोटिशीसाठी वापरला जाणार नाही, तक्रार खांबाच्या किंवा देवळाच्या खुणेवरूनही घेतली जाईल, आणि जिथून बराच काळ तक्रार आलेली नाही अशा वस्तीत कक्षाचं पथक आपणहून जाईल. या शेवटच्या कलमाला सर्वांत जास्त विरोध झाला. ‘आहेत त्या तक्रारी आवरत नाहीत आणि तुम्ही नव्या गोळा करायला निघालात.’ माझं उत्तर आजही तेच आहे. ज्याच्या हाती स्मार्टफोन आणि ओळख, त्याच्याच दारात महापालिका धावत असेल, तर मागणाऱ्याला ती सेवा देते आहे, पण न्याय करत नाही.

उलटा अनुभवही होता. भाजीच्या हातगाड्यांविरुद्ध एका इमारतीतून तक्रारींचा मारा सुरू झाला. मजकूर एकच, नावं निरनिराळी. अतिक्रमण विभागाला गाड्या उचलणं सोपं होतं, दिवसात सगळ्या तक्रारी निकाली निघाल्या असत्या. पण 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. दोन्ही बाजूंना बोलावलं. रहिवाशांची अडचण फाटकापुरती होती, गाड्या काही फूट सरकल्यावर ती मिटली. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही ऐकून घ्यायचं, हे मी कक्षात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत असे.

लोकायुक्तांपुढच्या सुनावण्यांसाठी मुंबईला जावं लागे, मादाम कामा मार्गावरच्या नवीन प्रशासकीय भवनात. मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली 1966 मध्ये नेमलेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल-लोकायुक्तांची शिफारस केली, महाराष्ट्राने 1971 मध्ये कायदा केला आणि देशात प्रथम ही संस्था प्रत्यक्षात आणली. त्या कायद्यात भ्रष्टाचाराच्या आरोपाखेरीज गैरकारभारामुळे झालेल्या अन्यायाचं गाऱ्हाणंही घेतलं गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण महापालिकेत लोकांना छळतो तो लाचेपेक्षा जास्त वेळा दिरंगाईचा कारभार. सुनावणीत आमच्या फायलीतले सुबक शेरे बाजूला ठेवून थेट विचारलं जाई, काम झालं का? नसेल झालं तर कधी होईल, ते आत्ता सांगा. लोकायुक्तांची भूमिका शिफारशीची, तरी ती तारीख दिल्यावर शहरात परतून काम करावंच लागे. शेकडो किलोमीटरवरच्या माणसाला जो प्रश्न विचारता येतो, तो शहरातच विचारणारं कोणी का नसावं? केरळमध्ये स्थानिक संस्थांसाठी वेगळा लोकपाल आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 च्या अहवालात तशीच शिफारस देशासाठी केली होती. माझं ठाम मत आहे की प्रत्येक मोठ्या महापालिकेच्या तक्रारींवर आयुक्तांच्या हाताखाली नसलेला एक अधिकारी हवा. मी आयुक्तांच्या हाताखाली होते. आयुक्त चांगले होते म्हणून निभावलं. लोकांचा न्याय एखाद्या आयुक्ताच्या बदलीवर अवलंबून राहू नये.

जरीपटक्यात राहायला आल्यावर मला इथल्या जुन्या माणसांचं एक वैशिष्ट्य नव्याने कळलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी ही वस्ती उभी केली. 1954 च्या विस्थापितांच्या भरपाई कायद्याखाली त्यांच्या आधीच्या पिढीने क्लेमचे अर्ज भरले, हेलपाटे घातले, जमिनीच्या पट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवले. माझ्या शेजारचे एक निवृत्त दुकानदार आहेत, मला दीदी म्हणतात. त्यांच्याकडे लाल कापडात बांधलेला एक बस्ता आहे. वडिलांच्या क्लेमच्या प्रतींपासून गेल्या महिन्यातल्या पाणीबिलापर्यंत एकेक कागद तारखेने लावलेला, आणि प्रत्येक अर्जावर कार्यालयाचा शिक्का आणि आवक क्रमांक. “दीदी, घर छूट गया, कागद नहीं छोड़ा,” असं ते एकदा मला म्हणाले. इतकी वर्षं प्रशासनात काढूनही आवक क्रमांकाची खरी किंमत मला त्या बस्त्याने शिकवली.

इंदोऱ्याकडून, कस्तुरबानगरातूनही लोक येतात. मार्च 2022 मध्ये नागपूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. हक्काने हाक मारायला नगरसेवक नाही, अशा त्या काळात अर्ज नीट लिहिता येणं ही गरज झाली. मोबाइल पुढे करून कोणी म्हणतं, “ताई, निकाली म्हणते हे, अन् नाली तर तशीच वाहून राहिली.” मी आधी विचारते, तक्रार क्रमांक आहे का, फोटो काढला का, त्यावर तारीख दिसते का. मग लिहायला बसतो.

वाचकांना माझी विनंती आहे. काम झालेलं नसताना ‘निकाली’चा संदेश आला तर गप्प बसू नका. त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि जुना क्रमांक टाकून पुन्हा तक्रार करा. ‘आपले सरकार’च्या तक्रार पोर्टलवर तीच हकीकत नोंदवा. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, त्यासाठी अर्ज विहित नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो. दाखला, नळजोडणी, मालमत्ता करातला नावबदल अशा अधिसूचित सेवांना 2015 चा लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, पुढे दुसरं अपील आणि मग सेवा हक्क आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. आणि तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या वस्तीत दिवा आहे का, पाणी येतं का, हे एकदा विचारा. नसेल, तर तो अर्ज तुम्ही लिहून द्या.